गप्प बसण्याचं भाषांतर

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. कानाला लावायचा नव्हे; टेबलाच्या मधोमध बसून खोलीभर आवाज ऐकवणारा. आता फार दमलो आहे. माणसांचे बोलणे मला कधी जड गेले नाही. जड गेले ते त्यांचे गप्प बसणे.

हातोड्यांचे, फावड्यांचे लाकडी दांडे बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मालकांच्या पश्चात त्यांच्या थोरल्या मुलीने कारभार हाती घेतला. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई कष्टाळू होत्या, पण शांतता त्यांना सोसत नसे.

परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाशी पहिली बोलणी झाली, तेव्हा शेजारी दुभाषीबाई बसल्या होत्या. ताई म्हणाल्या, "माल दहा आठवड्यांत देऊ."

पलीकडे चिडीचूप. माझ्यातून नुसती खरखर. ताईंना वाटले, मुदत त्यांना फार वाटली.

"बरं, आठ."

पुन्हा शांतता.

"सहा! आणि माल पोचवायचंही आमच्याकडे."

तेव्हा कुठे उत्तर आले, "चालेल."

त्या सहा आठवड्यांत कारखान्याने सुट्टी पाहिली नाही. शेवटी शेवटी तर माणसे उभ्या उभ्या पेंगत होती. अशाच एका दुपारी मुकादमांचा हात करवतीखाली गेला. दोन बोटे गेली.

ते पुन्हा कामावर आले, त्या दिवशी ताईंनी दुभाषीबाईंना विचारले, "एवढं अडवून धरून त्या लोकांना काय मिळालं?"

"अडवलं कुठे? त्यांच्याकडे उत्तर देण्याआधी थांबायची रीत आहे. ते विचार करत होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी बोललेल्याचं भाषांतर करते, ताई. गप्प बसण्याचं मला कुणी विचारलंच नाही. पण सांगायला हवं होतं, चुकलं माझं."

पुढच्या खेपेला ताईंनी "दहा आठवडे" म्हटले आणि ओठ घट्ट मिटले. समोर मुकादम बसले होते. किती वेळ गेला, देव जाणे. मग आवाज आला, "चालेल." मुकादमांनी डोळे पुसले.

ताईंना वाटले, किल्ली हाती लागली. महिन्याभराने दुसऱ्याच देशातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. हा आपली भाषा मोडकीतोडकी बोलणारा, मोकळा हसणारा. त्याने आधी घरच्यांची चौकशी केली, आपल्या आईच्या गुडघ्याचे दुखणे सांगितले आणि मग माल महिन्यात मागितला. ताई गप्प.

"हॅलो? बाई? माझं काही चुकलं का?"

ताई ढिम्म हलल्या नाहीत. त्याने फोन ठेवला.

आठवडा गेला तरी त्याचा निरोप नाही. शेवटी ताईंनीच फोन लावला.

"तुमच्या आईंचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हते. "त्या दिवशी तुम्ही बोलेनात. मला वाटलं, मी नकोसा झालो. काम दुसरीकडे दिलं."

"माझंच चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं," ताई म्हणाल्या. मग दोघे बराच वेळ बोलत राहिले. त्या वर्षी त्यातून काही काम निघाले नाही.

हल्ली लोक पडद्यावर एकमेकांची तोंडे पाहून बोलतात. माझी वायर काढून मला कपाटावर ठेवले आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण समोरचा गप्प झाला, तर मनाने अर्थ लावू नका. त्याला विचारा. मी जन्मभर दोन माणसांच्या मधे बसलो, पण मला ते जमले नाही. मला फक्त दुसऱ्यांचा आवाज होता.