कॉम्प्युटर का झोपत नव्हता

तीन दिवस माझा कॉम्प्युटर स्टँडबायला जायला तयार नव्हता. जेवायला उठताना मी माउस जागेवर ठेवायचे, कीबोर्डवरचं बटण दाबायचे, स्क्रीन काळी व्हायची; आणि हात धुऊन येईपर्यंत हा पठ्ठ्या पुन्हा टक्क जागा. मी छपाईसाठी पुस्तकांची पानं लावते, यंत्रं दुरुस्त करत नाही. माझं डोकं फिरलं होतं.

घरात आधीच तोंडं उतरलेली. सासरे घड्याळजी, त्यांच्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर माझं काम चालतं. कान केव्हाच मंद झालेले, आता नजरही अधू झाली. मंगळवारी त्यांनी सासूबाईंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ उघडलं, साफ केलं, नवा सेल घातला, सवयीनं वेळ लावली. कानाशी धरलं, भिंगाखाली धरलं.

"संपलं," म्हणाले. "माझा हात गेला."

लगेच दुकानातल्या जुन्या जोडीदाराला फोन केला, शुक्रवारी पाचला ये आणि हत्यारं घेऊन जा म्हणून. सासूबाई गेल्यावरही ते इतके खचले नव्हते.

टेबलावर फेल्टची जाड चटई आहे. तिला घड्याळं बसवायला गोल खाचा कापल्यात, उरलेल्या जागेत माझा माउस फिरतो. ते घड्याळ कोपऱ्यातल्या खाचेत तसंच राहिलं. उचलून ठेवायचा मला धीर होईना. मग त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून काम करताना त्यावर वही ठेवायचे आणि उठताना माउस.

शुक्रवारी चारला मी कंबर कसली. प्रिंटर काढला, सगळे प्रोग्रॅम बंद केले, नेटवर्कवरून जागं करायची सोय बंद केली. ढिम्म फरक नाही.

सासरे दारात येऊन उभे राहिले. "माझ्याकडूनच एखादी वायर ओढली गेली असेल. हल्ली मी हात लावला की बिघडतंच."

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, बाबा. बसा." म्हटलं खरं, पण मलाही खात्री नव्हती.

माउसची वायर उपटली आणि कॉम्प्युटर झोपला. परत जोडून माउस मांडीवरच्या वहीवर ठेवला, तरी झोपला. रोजच्या कोपऱ्यात ठेवून बटण दाबलं, तर अर्ध्या मिनिटात जागा.

मी माउस उचलला. खाली घड्याळाचा सेकंदकाटा चालत होता. माउसच्या पोटातला दिवा खाली काय हलतंय ते बघत असतो, आणि तीन दिवस तो हेच बघत होता. घड्याळात चार पस्तीस, माझ्या फोनवरही चार पस्तीस.

"बाबा, हे चालू आहे."

"काहीतरीच. मी ऐकलं ना कानाला लावून."

"टिकटिक तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा. घड्याळ मंगळवारपासून चालतंय, माउसला काटा हललेला दिसतो म्हणून तर कॉम्प्युटर जागा होत होता. मिनिटभरही मागे नाही."

एरवी असं फटकन बोलून मी दिवसभर हळहळले असते. त्यांनी घड्याळ खिडकीशी नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि काट्याचा एक फेरा पुरा होईपर्यंत बघितलं.

"काटा फार बारीक आहे," शेवटी म्हणाले. "तिनंच निवडलं होतं." आणि मटकन स्टुलावर बसले. डोळे पुसायला मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले.

पाचला जोडीदार रिकामी पिशवी घेऊन आला. "कुठेत हत्यारं?"

"देत नाही," सासरे म्हणाले. "तुझ्या मनगटावरचं काढ, ते मागे पडतं म्हणत होतास ना. सूनबाई, कॉम्प्युटर झोपव आणि माउस इकडे दे."