किती पडायला हवेत?

माझे सासरे नोकरीत असताना ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचे. मला त्यांनी दोनदा नापास केलंय. दुसऱ्यांदा केलं तेव्हा आमच्या लग्नाची तारीख ठरली होती. गाडीतून उतरताना म्हणाले, "नातं वेगळं, रिव्हर्स वेगळा." तिसऱ्या वेळी मी गुपचूप दुसऱ्या परीक्षकाकडे गेलो.

आणि अशा माणसाला मी गेले कित्येक रविवार खेळात पास करत होतो.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चालतो. खेळायला बायको, खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आणि हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडे राहणारे सासरे. मी गोष्ट सांगतो आणि ते तिघं गोष्टीतली माणसं होतात. भिंत चढायची असो की राक्षसाशी लढायचं असो, जोखमीचं काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. कमीत कमी किती पडायला हवेत ते मी ठरवायचं. आकडा लहान असला तर काम सोपं, मोठा असला तर कठीण. राक्षसांचा फासा मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, त्यामुळे काय पडलं ते फक्त मलाच दिसतं.

सासरे गोष्टीत एक म्हातारे गाडीवान होते. मी तलवार देऊ केली तर म्हणाले, "चाबूक पुरे." प्रत्येक वेळी फासा मुठीत धरून विचारायचे, "किती पडायला हवेत?" आणि मी म्हणायचो, "चार."

दरी ओलांडायला चार. दरोडेखोरांना पळवायला चार. एकदा सुरी समजून चमचा उचलला त्यांनी, तरी चारच.

हा बायकोचा हुकूम होता. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं होतं, की दुसरं ऑपरेशन करावं लागेल आणि ते सोपं नसेल. वडिलांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण फार लांबवू नका. ती आत आली आणि म्हणाली, "बाबा, सगळं छान आहे." तेव्हापासून रोज ती उद्या सांगणार होती. मला म्हणाली, "तोवर त्यांना कशाचा म्हणून ताण द्यायचा नाही. खेळातसुद्धा नाही. ऐकतोयस ना?"

मी ऐकत होतो. लग्नापासून माझं मुख्य काम तेच आहे.

पण माझाही काही जीव आहे की नाही? त्या रविवारच्या अजगरावर मी आठवडाभर खपलो होतो. त्याची गुहा, त्याचा खोकला, त्याचं पूर्वायुष्य, सगळं तयार होतं. आणि गाडीवानाने एकदा चाबूक उडवल्यावर त्याने बिचाऱ्याने मान टाकली.

"अरे, हा अजगर आहे की माझा पेशंट?" दातांची डॉक्टर म्हणाली. "आपणहून तोंड उघडून बसलाय!"

"म्हातारा अजगर आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. परीक्षेत हे झालं की उमेदवाराने समजायचं असतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

"माझ्याकडे एक मुलगा आला होता परीक्षेला," ते म्हणाले. "त्याच्या मामाने आधीच येऊन स्वतःची गाडी रस्त्याकडेला अशी लावून ठेवली, की भाच्याला पार्किंगला ट्रकएवढी जागा मिळावी. जावईबापू, तुमचा अजगर त्या मामासारखा आहे."

"बाबा, खेळ आहे हो," बायको म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो. पुठ्ठा काढा."

माझं डोकंच सणकलं. गोष्ट मी रचायची, राक्षस मी पोसायचे, आणि वर बोलणीही मीच खायची! बायको टेबलाखालून पाय मारत होती. मी पुठ्ठा उचलून जमिनीवर टाकला.

"ठीक आहे. अजगर मेलेलाच नाही, सोंग करतोय. त्याने शेपटीने दार अडवलंय. निसटायचं तर चौदा पडायला हवेत."

"चौदा," सासरे म्हणाले. असं म्हणाले, जणू कुणी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी फासा टाकला. सहा.

मग अजगराचा फासा मी सगळ्यांसमोर टाकला. एकोणीस पडले. त्यात काही करण्यासारखं उरलं नाही.

"गाडीवान गेला," मी म्हणालो.

बायको उठून उभी राहिली. दातांची डॉक्टर तोंड उघडं टाकून बसली. सासऱ्यांनी गाडीवानाची माहिती लिहिलेला आपला कागद पुढे ओढला, त्यावर ठळक अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. इतक्या दिवसांत मी त्यांना असं खुशीत पाहिलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच मायाही दाटून आली होती.

मग ते लेकीकडे वळले. "आता कॉरिडॉरमधलं सांग."

"बाबा, सगळं छा—"

"मी गाडीत शेजारी बसायचो ते रस्ता बघायला नाही, चालवणाऱ्याचे हात बघायला. त्या दिवशी तू आत आलीस तेव्हा पर्सचा पट्टा पिळत होतीस. मी वाट बघत होतो, या घरात मला कोणी तरी नापास करेल म्हणून. आता याने केलंय. सांग."

ती खाली बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. दुसरं ऑपरेशन, सोपं नाही, फार थांबता येणार नाही. मध्येच तिला रडू फुटलं, तरी ती बोलत राहिली. दातांची डॉक्टर टेबलाकडे बघत बसली होती.

सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फासा उचलून मुठीत धरला.

"किती पडायला हवेत?"

सवयीने माझ्या तोंडात 'चार' आलाच होता. देवाची कृपा, मी गप्प बसलो.

"आठ," बायको म्हणाली. "शंभरातले पासष्ट बरे होतात म्हणाले. म्हणजे विसातले तेरा. फाशावर त्याचे आठच होतात, बाबा. मी पुन्हा पुन्हा हिशोब करून बघितलाय. आठ किंवा वर."

"खरे आठ? मामाचे नाहीत ना?"

"खरे."

त्यांनी मान डोलवली. चौदापेक्षा सोपं आहे, असं काहीसं पुटपुटले. मग लेकीचा हात ओढून फासा तिच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

"हा इथे टाकायचा नाही," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरांना फोन कर आणि तारीख घे."