कोपराचं माप

सुताराने आपल्याच ड्रिल मशीनची वायर उपटली आणि झाकण पुन्हा नीट बसवलं. चांगलं चालणारं मशीन बिघडवायचं अगदी जिवावर आलं होतं. पण लेकीचं पाणी जोखायचं तर दुसरा उपाय काय होता?

लेक दुसऱ्याच्या दुकानात पगारावर मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायची. आता तिला स्वतःचं दुकान काढायचं होतं, तेही बापाच्या वर्कशॉपच्या पुढच्या भागात. "सुखासुखी पगार मिळतोय, तर हे खूळ कशाला?" असं म्हणून त्याने विषय उडवून लावला होता. तिने टेबल करून मागितलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कारण त्याची एक रीत होती. कामाचं टेबल करायचं तर तो गिऱ्हाइकाला उभं करायचा, कोपर वाकवायला लावायचा आणि जमिनीपासून तिथपर्यंत माप घ्यायचा. एकदा ते माप घेतलं, की काम नाकारायचं नाही.

ती जेवायला गेल्याची वेळ साधून तो ती काम करायची त्या दुकानात शिरला. तिथला मालक त्याला ओळखत नव्हता.

"लगेच होईल का?" सुताराने मशीन पुढे ठेवत विचारलं.

मालकाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तोच मिक्सर मांडीवर घेऊन बसलेल्या आजीबाई मध्ये पडल्या.

"अहो, थांबा की जरा! ती डावरी पोर येईल एवढ्यात. मीही तिच्यासाठीच बसलेय."

"घ्या!" मालक हसला. "पाटी माझी, पण गिऱ्हाईक सगळं तिचं."

"आणि ती सोडून गेली तर?"

"मग बसतो माश्या मारत. पण जायलाच हवं तिने. हिऱ्यासारखी पोर आहे, किती दिवस झाकून ठेवणार? तिचा बाप मात्र नशीबवान हं."

'अहो, तो मीच!' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सुतार मशीन ठेवून बाहेर पडला. रस्ताभर त्याची छाती अशी फुगली होती, की सदऱ्याची बटणं टिकली हेच नवल.

संध्याकाळी लेक मशीन काखेत मारून वर्कशॉपमध्ये आली.

"बाबा, आपलं मशीन आमच्या दुकानात काय करत होतं?"

"बिघडलं होतं."

"वायर तुटली नव्हती, कुणीतरी उपटली होती. आणि झाकणाच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत! अशा तुमच्याशिवाय कोण लावतं?"

सुताराचे कान लाल झाले. चोरी पकडली गेली होती. पण पकडणारी आपलीच लेक, म्हणून त्याला हसूही आवरेना. त्याने खुंटीवरची टेप काढली.

"बघतेस काय? चपला काढ. सरळ उभी राहा आणि कोपर वाकव."

तिने चपला काढल्या.

"बाबा, कोपराला गूळ तर लावत नाही ना?"

"माप घेऊन कधी कुणाला परत पाठवलंय मी?"

तिने घाईघाईने उजवं कोपर पुढे केलं.

"ते नव्हे, डावं," तो खेकसला. "आणि खण डावीकडेच ठेवतो. हात आडवा घालत बसायला नको."

त्याने टेप उलगडून तिच्या कोपराला लावली. तिने टेपचं खालचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं.