अंगुस्तान बसेना

सुई ढकलायला बोटावर चढवायचं पितळी अंगुस्तान शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या मधल्या बोटात चाळीस वर्षं निमूट जात होतं. एका सकाळी ते पेरापाशीच अडलं. बोटाचं टोक लालबुंद, टम्म.

"नखुरडं झालंय, दुसरं काय!" त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मिठाच्या कोमट पाण्याची वाटी पुढे सरकवली.

नखुरडं म्हणता म्हणता तीन महिने लोटले. दवाखान्यात चिरा दिला, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एक्स-रे फोटोत टोकाचं हाड उंदरानं कापड कुरतडावं तसं दिसलं. पू तपासला, तर त्यात जंतूच सापडेनात.

"यांना आधी काही मोठं दुखणं?" डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या.

"मानेला गाठ होती. काढली. आता ठणठणीत आहेत," काकू दर खेपेला सांगायच्या.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची एक तृतीयांश जीभ गेली होती, मानेतल्या गाठी गेल्या होत्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी काकूंनी देवाला शब्द दिला होता : हे जगले, तर त्या रोगाचं नाव जन्मात तोंडातून काढणार नाही. मास्तर जगले. काकूंनी त्या दुखण्याची फाईल लुगड्यांच्या तळाशी पुरली आणि शब्द पाळला. मास्तरांनी स्वतःपुरते उंच कॉलरचे सदरे शिवले. त्यांचं बोलणं काकूंखेरीज कुणाला उमगत नसे, म्हणून सगळी उत्तरं काकूंच्याच तोंडून जायची. बोटाची शंका काकूंना आली नव्हती असं नाही. पण आता नाव काढलं आणि तेवढ्यानंच तो रोग परत आला, तर?

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि सुस्कारा टाकला.

"काकू, जंतू असता तर एव्हाना शरण आला असता. मानेची गाठ कसली होती? कागद कुठाय?"

"हरवला."

"पट्ट्यांच्या चिठ्ठ्या तारखेवार लावून आणता, आणि नेमका तोच हरवला?"

मास्तर पुढे झुकले. जाडजूड, ओला असा एकच शब्द बोलले.

"काय म्हणाले?"

"पाणी मागताहेत," काकू म्हणाल्या.

पाणी आलं. मास्तरांनी पेला बाजूला सारला. डाव्या हातानं कॉलरचं बटण काढलं, मानेवरचा लांबलचक व्रण दाखवला, तोंड उघडून उरलेली जीभ दाखवली. मग काकूंकडे बघत तोच शब्द पुन्हा बोलले. त्यांनी कुठे शब्द दिला होता देवाला!

"अहो, नको," काकू पुटपुटल्या. मास्तर बघतच राहिले.

"कॅन्सर," काकू म्हणाल्या. "जिभेचा."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली कात्री थांबली. मग त्यांनी बोटातला बारीकसा तुकडा काढून बाटलीत घातला.

आठ दिवसांनी निदान आलं. जिभेवरचाच होता तो, बोटाच्या टोकापर्यंत चालत गेलेला. "असा बोटात फार क्वचित उतरतो. मी पुस्तकातच वाचलं होतं." छातीच्या फोटोतही ठिपके होते.

"मी तीन महिने आधी बोलले असते तर?" काकूंनी विचारलं.

"काकू, बसा आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

बोट गेलं. घरी काकूंनी समई लावली, हात जोडले. पण मागायला तोंड उघडेना. द्यायला आता कुठला शब्द शिल्लक होता?

मशीनवर गिऱ्हाइकाचा कोट अर्धा पडला होता. मास्तरांनी अंगुस्तान उचललं, काकूंच्या बोटात घातलं. ते ढगळ झालं, म्हणून त्यांनी आत चिंधी कोंबली आणि कोट पुढे ठेवला.

काकूंनी कशीबशी चार बोटं लांबीची शिवण घातली. डोळ्यांपुढे सुई धूसर होत होती. मास्तरांनी शिवण उजेडात धरली, नाही अशी मान हलवली.

"उसव," ते म्हणाले.

काकू उसवू लागल्या.