आग्नेय कोपरा

बारा वर्षं! बारा वर्षं या माणसाने तळघरातल्या बुरशीसाठी मला बोल लावले. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या आमच्या घराला केलर आहे, म्हणजे तळघर, आणि त्याच्या एका कोपऱ्यात भिंत काळी पडते. का पडते? तर वसुधा ओले कपडे खाली वाळत घालते. वसुधा खिडकी उघडत नाही. भास्करने, माझ्या नवऱ्याने, तर तिथे तक्ताच लावला. सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची, संध्याकाळी दहा मिनिटं, आणि पुढे माझी सही. रोज! आणि मी मूर्ख, केली सही. पाहुणे आले की तो तक्ता हौसेने दाखवायचा.

आता आम्ही वेगळे होतोय. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. डार्मश्टाटला मी दोन खोल्या ठरवून ठेवल्या होत्या, पण हे घर विकल्याशिवाय मला तिकडे जाता येत नव्हतं. गुरुवारी दहा वाजता गिऱ्हाइकाने नेमलेली बाई घर तपासायला येणार होती. तिने ठीक म्हटलं की मी सुटले. भास्करला तोंडावर मी अजून 'अहो' म्हणते, जिभेची सवय. मनातून अहो-जाहो कधीच गेलंय.

बुधवारी सकाळी बादली आणि ब्रश घेऊन खाली उतरले. भिंत घासायची तर कोपऱ्यातलं कपाट हलवायला हवं. त्याच्या हत्यारांचं कपाट, मला हात लावायची बंदी. लावला हात, ओढलं. खाली जमिनीत वीतभर चौकोन होता, वेगळ्या सिमेंटचा. ओल तिथूनच निघून भिंतीवर चढली होती.

मग आठवलं. वास्तुशांत! सासूबाई पुण्याहून वास्तुपुरुषाची प्रतिमा घेऊन आल्या होत्या. ती आग्नेय कोपऱ्यात जमिनीतच पुरायची, असा त्यांचा हट्ट. भास्करने ड्रिल लावलं, आणि खालून डांबरासारखं काळं अस्तर फाटून वर आलं. मी म्हटलं होतं, "अहो, हे पाणी अडवायला असेल."

"केमिस्ट तू आहेस की मी?" हे त्याचं उत्तर.

मी त्याला हाक मारली. तो खाली आला, चौकोन बघितला, आणि त्याला जराही नवल वाटलं नाही.

"कपाट लाव जागेवर," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच वर्षी कळलं. आईला काय सांगणार होतो, तुझ्या देवामुळे घरात पाणी येतंय?"

"म्हणून मला धरलंत?"

"उद्या मी म्हणेन, कपड्यांची ओल आहे. ती बाई तेच लिहील आणि घर विकलं जाईल. तुलाच जायचंय ना? मग गप्प बस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याचं खरं होतं, जायचं मलाच होतं. मी भिंत घासली, रंग दिला, कपाट परत लावलं.

गुरुवारी फ्राऊ लिंडनर आल्या. पन्नाशीच्या, पायात जाड बूट, हातात ओल मोजायचं यंत्र. ते भिंतीला लावताच बोंबलायला लागलं.

भास्कर हसला. "आल्झो, म्हणजे असं बघा, ही माझी बायको. कपडे इथेच वाळवते. किती सांगितलं!" आणि तक्ता दाखवला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "खरं का?" पेन कागदावर टेकलेलं. डार्मश्टाटची खिडकी माझ्या डोळ्यांपुढे आली. खाली ट्राम थांबते, मला तेही आवडलं होतं. नुसती मान हलवायची, बस.

"नाही," मी म्हटलं. "या कपाटाखाली बघा."

"डोकं फिरलंय का तुझं?" भास्कर मराठीत ओरडला.

"हो, फिरलंय! बारा वर्षांनी का होईना!" मी कपाट ओढलं आणि बाईंना सगळं सांगितलं. ड्रिल कुणी मारलं, अस्तर कुणी फाडलं, सगळं.

"खाली नक्की काय पुरलंय?" त्यांनी विचारलं.

"देव. घर राखायला."

त्या गुडघ्यावर बसल्या, चौकोनावर ठोकून बघितलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला, घर नको. जमीन फोडून अस्तर नव्याने घालायचं, मग सगळं वाळू द्यायचं. वसंताआधी विक्री नाही. डार्मश्टाटच्या खोल्या गेल्या.

"झालं समाधान?" भास्कर म्हणाला. "आता कूज इथेच, माझ्याबरोबर."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला बोलू, त्या दोन खोल्यांसाठी खूप रडले. तेवढ्यात धुण्याचं मशीन थांबलं. मी तोंड धुतलं, ओले कपडे टबात भरले आणि तळघरात नेले. चादरी, टॉवेल, त्याचे सगळे शर्ट, एकेक करून त्याच कोपऱ्यात वाळत घातले. तो जिन्यात उभा राहून बघत होता.

"अहो," मी म्हटलं, "खिडकी उघडा. दहा मिनिटं. आणि तिथे सही करा."

तो पायऱ्या उतरून आला आणि त्याने खिडकी उघडली.