दोरीवरचा राखणदार

मी शर्ट बोलतोय. निळ्या चौकडीचा, लांब बाह्यांचा, डाव्या बाजूला एकच खिसा. ज्याने मला बुजगावणं म्हटलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि एवढ्यात करणारही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, उगाच मागाहून गैरसमज नको.

माझा जन्म शेजारच्याच घरात झाला. तिथे कपडे शिवणाऱ्या मावशी राहतात. सगळी गल्ली त्यांना शिवणमावशी म्हणते. कापड आमच्या मालकीणबाईंनी आणलं, पण माप द्यायला मालकांना सवड कुठली! बाईंनी त्यांचा एक जुना शर्ट दिला आणि म्हणाल्या, "यावरून बेता." त्या जुन्याची उजवी बाही जरा आखूड होती, म्हणून माझीही झाली. मालकांनी मला अंगात घातलं, बाहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. हा हात कामाचा, बाही मध्ये येणार नाही." माणूस झकास मिळाला, असं मला तेव्हाच वाटलं.

मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या पोकळीत उतरायचं, तारांच्या दोरांना वंगण लावायचं, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि त्यांच्याच शिव्या खायच्या. माझ्या खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. खिशाच्या कोपऱ्यावरचा काळा डाग तेव्हाचा आहे. बाईंनी साबण, सोडा, लिंबू, सगळं घासून पाहिलं. डाग तसूभर हलला नाही. मला त्या डागाची लाज नाही, उलट तो मी मिरवतो.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी ते घामाने भिजून पाहिलंय. मालकांनी सुटीच्या दिवशी मला घालून भिंतींना गिलावा केला, खिडक्या रंगवल्या. घर बैठंच बांधलं. म्हणायचे, "जन्मभर लोकांना वर-खाली नेलं. आपल्या घरात एक पायरीसुद्धा नको." स्वयंपाकघरात ओट्याखालचा पाइपही त्यांनीच जोडला आणि जोडावर हात ठेवून बाईंना सांगितलं, "मी आहे तोवर हा गळायचा नाही." शब्दाला जागले. ते होते तोवर तो गळला नाही.

ते गेले तेव्हा आजारपण नव्हतं की काही नव्हतं. सकाळी चहाचा कप पुढ्यात घेऊन बसले होते, तसेच गेले. मुलगा आला, थोडे दिवस राहिला आणि आईला आपल्याकडे घेऊन निघाला. बाईंचा पाय निघत नव्हता. "चार दिवस जाऊन येते," असं शिवणमावशींना सांगून त्या गेल्या. माणसांचे चार दिवस केवढे लांब असतात, ते आम्हा कपड्यांना विचारा. चार दिवसांनी घालू म्हणून कपाटात ठेवलेल्या किती जणांना तिथेच कसर लागते! मी कपाटात नव्हतो, दारामागच्या खुंटीवर होतो, एवढंच माझं नशीब.

किल्ली मावशींकडे होती. बंद घर म्हणजे चोराला आमंत्रण, ही त्यांची काळजी. एक दिवस त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि पुढच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. "रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, घरात पुरुषमाणूस आहे," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. कल्पना नामी होती. फक्त मला धुवायचं त्यांना कधी सुचलं नाही. मी कोरडाच वाळत राहिलो. उन्हाने माझा एक खांदा पार विटला, घड्यांत धूळ बसली; पण एकही चोर फाटकाच्या आत आला नाही. राखण करावी तर अशी.

मग घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं. मुलगा घर बघायला आला होता. माझ्याच खाली उभा राहून तो विमा कंपनीशी फोनवर बोलला. "घरात कोण राहतं म्हणजे? आई राहते ना. एकटीच असते."

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "अरे, वहिनी तर तुझ्याकडे आहेत!"

"मावशी, घर रिकामं आहे म्हटलं की हप्ता वाढवतात, वर शंभर अटी. पाण्याचा मुख्य नळ बंद ठेवा, दर आठवड्याला कुणीतरी आत जाऊन बघा. कोण करणार एवढं? आणि हे आहे की दोरीवर, आपलं बुजगावणं!"

तर तो शब्द त्याचा. मालकांच्या पोटच्या पोराचा. मालकांच्या खांद्यावर बसला असताना याने माझी कॉलर चघळलेली आहे, ते मी विसरलो नाही.

पुढे मावशी काही दिवस बहिणीकडे गेल्या. त्यातच ओट्याखालचा जोड निसटला. मी बाहेर, पण पहिल्यांदा पाहिलं ते मीच: उंबऱ्याखालून पाण्याची एक रेघ बाहेर आली. मी बाह्या हलवल्या, जिवाच्या आकांताने हलवल्या. शर्टाने बाह्या हलवल्या तर लोक म्हणतात, वारा सुटलाय. मावशी परत आल्या तोवर घरातली कपाटं फुगली होती, दारं लागेनाशी झाली होती आणि भिंती गुडघ्यापर्यंत काळ्या पडल्या होत्या.

कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आला, त्या दिवशी मुलगा आईला घेऊन आला. फाटकातच त्याने तिला पढवलं, "तू फक्त हो म्हण. क्लेम मिळाला नाही तर ही दुरुस्ती आपल्याला झेपणार नाही. मग घर विकावंच लागेल." जे घर वाचवायला आल्या होत्या ते आपल्या एका शब्दावर टांगलेलं आहे, हे बाईंना कळलं होतं.

सर्व्हेअर तरुण होता, बोलायला मऊ. आतून फिरून आला आणि म्हणाला, "आजी, हे पाणी आठवडाभर तरी वाहिलंय. तुम्ही आठवडाभर पाण्यात झोपत होतात का?"

"आईला कमी दिसतं हो," मुलगा म्हणाला. बाई अजून सुईत दोरा स्वतः ओवतात.

सर्व्हेअर माझ्याजवळ आला. त्याने माझी बाही बोटांनी चोळली, बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी एकट्या राहतात असं सांगितलंय. मग हा शर्ट कुणाचा?"

मुलगा गडबडला. "बाबांचा."

"कुठे आहेत ते?"

"कामावर गेलेत."

असं तो बोलून गेला. शिवणमावशींनी तोंडावर हात ठेवला. बाईंनी मुलाकडे वळून नुसतं पाहिलं, आणि मग सर्व्हेअरला स्वच्छ आवाजात सांगितलं, "ते वारले. मी मुलाकडे असते. इथे कुणी राहत नाही."

"आई!"

"गप्प बस. तुझ्या विम्यासाठी मी त्यांना पुन्हा कामावर पाठवणार नाही. पुष्कळ केलं त्यांनी काम."

सर्व्हेअर घुटमळला. "आजी, मग क्लेम मिळणार नाही. घर रिकामं होतं असं लिहावं लागेल."

"लिहा ना. रिकामं होतंच. पण बेवारस नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि मला सांगा, रिकाम्या घराचा रिकामं म्हणूनच विमा करता येतो का? काय अटी असतील त्या बोला."

"मग दुरुस्ती?" मुलगा पुटपुटला. "घर विकायचं..."

"घर माझ्या नावावर आहे. फुगलेली कपाटं फेकून देऊ. कपाटांवाचून कुणाचं अडत नाही."

असं म्हणून त्यांनी चिमटे काढले, मला अंगातल्या कपड्यांवर चढवलं आणि बाह्या दुमडल्या. उजवीला एक घडी कमी लागली. किती दिवसांनी माझ्या आत माणूस होतं! त्या भिंत घासायला बसल्या आणि पाठमोऱ्याच मुलाला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? ब्रश घे." त्याने घेतला. संध्याकाळी मला पिळताना माझ्यातून जे काळं पाणी निघालं, त्यात त्याच्या ब्रशने उडवलेलंही थोडं होतं. म्हणून त्याच्या माफीचा विचार चालू आहे. घाई नाही.

आता घराचा विमा आहे, महाग आहे आणि खरा आहे. मुख्य नळ बंद असतो. मावशी दर आठवड्याला आत जाऊन ओट्याखाली वाकून बघतात आणि बाईंना फोन करतात. बाई मुलाकडेच राहतात, पण दर महिन्याला येतात, मला घालून घर झाडतात, पुसतात आणि जाण्याआधी मला धुतात. "चार दिवसांनी येते" असं आता म्हणत नाहीत.

आजच येऊन गेल्या. माझ्या बाहीतून अजून पाणी ठिबकतंय, डाग जिथल्या तिथे आहे. फाटकापाशी थांबून कुणी विचारलंच, या घरात कोण राहतं, तर खुशाल सांगा, कुणी नाही. पण म्हणावं, आत ये आणि शर्टाला हात लावून बघ. ओला आहे.