खारूताईची वाटणी

आमच्या चौथीच्या वर्गात प्रश्नपेटी आहे. बुटांचं जुनं खोकं, झाकणाला चीर. दर शुक्रवारी प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, नाव न लिहिता. प्रश्न नसेल त्याने फूल काढायचं. म्हणजे खरंच कोणी विचारलं, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

पेटी माझीच कल्पना, पण शरीराचा धडा मात्र मी दोनदा पुढे ढकलला होता. एरवी मी फटकळ. त्या धड्यापुढे माझी दातखीळ बसते. म्हटलं, पाचवीत बघतील.

त्या आठवड्यात खारूताईने आपलं सामान वाटायला काढलं. हे नाव वर्गाने ठेवलेलं, कारण पोरगी जन्माची चिक्कू. पण तिने रंगपेटी शेजारणीला दिली, पेन्सिली मागच्या बाकावर वाटल्या आणि शुक्रवारी सकाळी वासाचं खोडरबर माझ्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्यासाठी, बाई."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं! लाच देतेस का गं?"

वर्ग हसला. तीही हसली, थोडीशी.

मधल्या सुट्टीत मी पेटी उघडली. फुलं, फुलं, आणि मग पेन्सिलीच्या थोटकाने लिहिलेली एक पुसट चिठ्ठी.

"मला खालून रक्त येतंय. तीन दिवस झाले. मरायला किती दिवस लागतात? आईला सांगू नका. ती रडेल."

पेन्सिली वाटून टाकल्यावर थोटूकच उरणार. नऊ वर्षांची पोर तीन दिवस पाढे म्हणत होती, गृहपाठ करत होती आणि शांतपणे निरवानिरव करत होती. एवढ्याशा जिवात एवढं काळीज कुठून येतं? मी थक्क झाले, आणि स्वतःची भयंकर लाजही वाटली.

तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पण पेटीचा नियम मीच केलेला. सुट्टी संपताच सगळ्यांसमोर उभी राहिले.

"एका चिठ्ठीचं उत्तर आधी ऐका. मरत नाही. कोणीही मरत नाही."

मग सांगितलं. मुलीच्या बेंबीखाली आत एक पिशवी असते, गर्भाशय. मुलगी वयात आली की ती बाळासाठी मऊ अस्तर तयार करते. बाळ नसलं की ते रक्ताबरोबर बाहेर येतं. ही पाळी. कोणाला नवव्या वर्षी येते, कोणाला चौदाव्या.

"मुख्याध्यापिका बाईंनाही यायची?" एकाने विचारलं.

"त्यांनाही. मलाही."

"केवढी असते पिशवी?"

"मोठ्या माणसाच्या मुठीएवढी."

"आणि त्यात आख्खं बाळ?"

"बाळाबरोबर तीही वाढते. तुम्ही सगळे तिथेच होतात."

कोणी खिदळलं नाही. वर्गभर मुठी वळल्या, मुलांच्याही, आणि जो तो आपल्या मुठीकडे बघत राहिला. खारूताईने मूठ हळूच बेंबीखाली टेकवली.

"पॅड या कपाटात आहेत, कुलूप नाही. आणि आईला जरूर सांगा. रडली तर रडू दे."

शाळा सुटल्यावर खारूताई बाकाबाकावर फिरली.

"रंगपेटी दे."

"तूच दिलीस ना?"

"दिली होती. आता मला लागणार आहे."

सगळ्यात शेवटी ती माझ्या टेबलापाशी आली आणि हात पुढे केला.

"बाई, खोडरबर."

मी दिलं. तिने वास घेऊन तेच असल्याची खात्री केली आणि दप्तराची चेन लावून घेतली.